कोतवालाला न कळलेलं

पुणे, ३ मार्च २०१९

ती. वहिनी,

लॅपटॉप पोचला असं दादा म्हणाला. हे ई-मेलनं येतंय, पण तुम्ही पत्र समजून वाचा आणि पत्रासारखंच उत्तर लिहा. फोनवर मला घरचं काही कळत नाही. दादा टँकरच्या फेऱ्यांचं सांगतो. आई ‘बरं हाय, तू जेवलीस का’ म्हणते आणि फोन तुमच्या हातात देते. तुम्ही तरी घरादारासमोर काय बोलणार?

लॅपटॉपवर ‘पाटी’ नावाचं लिहायचं जे सॉफ्टवेअर आहे ते ऑफिसातल्या आम्ही तिघींनी बनवलेलं आहे. तुमच्या महिला दूध संस्थेच्या सभांचं इतिवृत्त त्यात लिहीत चला. डावीकडे तुम्ही लिहाल तो मजकूर, आणि उजवीकडे ठरावांची यादी आपोआप तयार होत जाईल. यादीतल्या ठरावावर बोट ठेवलं की तो ठराव समोर येतो. कुठं काही विचित्र दिसलं तर मला लगेच कळवा. जूनअखेर हे नीट चालवून दाखवलं नाही तर आमचा गट मोडणार आहेत.

आणि तुमच्या आत्याबाईंना, म्हणजे आमच्या मातोश्रींना, पुन्हा एकदा विचारा की पुण्याला राहायला कधी येणार. तिच्या गुडघ्यांसाठी मी तळमजल्याचं घर घेतलं. तिची खोली अजून रिकामीच आहे. तिथे मी कपडे वाळत घालते आणि मला ते आवडत नाही.

तुमची,
वत्सला


नेकनूर, १४ मार्च २०१९

वत्सलाताई,

पाटी चालू केली. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं हे बघायला संस्थेतल्या सगळ्या बाया गोळा झाल्या. अध्यक्ष कौशल्याबाई म्हणाल्या, “रुक्मिणे, हे तर मनातलं वळखतंय. जपून ऱ्हा बाई.”

घरची विहीर आटली. आत्याबाई चांदीला घेऊन सोसायटीच्या चारा छावणीत राहायला गेल्या आहेत. माळावर बांबू रोवून वर हिरवी जाळी टाकली आहे, खाली गुरांच्या दावणी आणि गुरांच्या बाजूला माणसांच्या बाजा. तुमचे दादा म्हणत होते मी राहतो, तर “तुला गाईतलं काय कळतंय, तू टँकर हाक” म्हणून त्यांना परत लावून दिलं. मी सकाळी भाकरी घेऊन जाते आणि तशीच संस्थेत येते.

संध्याकाळी पाणी आलं की छावणीत बघण्यासारखं असतं. आत्याबाई चांदीपुढं बादली धरतात आणि बारीक शीळ घालतात. शीळ थांबली की चांदी तोंड वर करते, सुरू झाली की पिते. शेजारच्या दावणीच्या बायडाबाई चेष्टा करतात, “ताराबाई, बाईमानसानं शीळ घालावी व्हय? गाव काय म्हनंल?” आत्याबाई म्हणाल्या, “गाव पितंय का बादलीत? गाय पिती.”

पुण्याचं विचारलं. म्हणाल्या, “चांदी हाय तवर न्हाई. मी गेल्यावर हिला शीळ कोन घालील, तुझा नवरा?”

एक तक्रार आहे. काल यादीतल्या चौथ्या ठरावावर बोट ठेवलं तर मला तिसऱ्या ठरावाच्या मध्येच नेऊन सोडलं. सूचकाच्या नावाच्या जागी अर्धं नाव आणि पुढं कॅनच्या खरेदीतला एक तुकडा, असं काहीतरी दिसत होतं. बंद करून परत उघडलं तर सगळं जागेवर. मला वाटलं माझंच चुकलं.

बाकी आहे तसंच.

रुक्मिणी


पुणे, १६ मार्च २०१९

ती. वहिनी,

तुमचं काही चुकलं नाही. चूक आमची आहे, आणि ती मी जानेवारीपासून शोधते आहे. आमच्याकडे ती कधी घडतच नाही, तुमच्याकडे घडली याचा मला केवढा आनंद झाला सांगू!

तुम्हाला समजेल असं सांगते. पाटीच्या आत एक वाचणारा आहे. तो तुमचं इतिवृत्त एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि मनात एक नकाशा करतो: इथे पहिला ठराव, त्याच्या पोटात सूचक, त्याच्याखाली अनुमोदक. पुढे तुम्ही एखादं अक्षर बदललं की तो सगळं परत वाचत नाही. तेवढा वेळ नसतो, तुमचं बोट अडून राहील. बदललेला तुकडाच तेवढा वाचतो आणि उरलेला नकाशा जुनाच ठेवतो. पण बदललं कुठे, हे त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणाऱ्याचं नाव मी ‘कोतवाल’ ठेवलंय. आपल्या गावात तहसीलचे निरोप घेऊन फिरायचे ना, तसाच. तो येऊन सांगतो: अमक्या जागी इतकी अक्षरं गेली, तिथे इतकी आली. बाकी आहे तसंच.

तुमच्या पत्राच्या शेवटी हेच शब्द वाचून मला हसू आलं.

आता या कोतवालाकडून एक जरी निरोप चुकला तरी कुणी ओरडत नाही. वाचणारा आपल्या जुन्या नकाशावर खुशाल बसून असतो. चुकलेल्या जागेच्या पुढचं सगळं थोडं थोडं सरकलेलं असतं, आणि त्याला वाटतं घर जागेवर आहे.

निरोप कुठे चुकतो ते शोधायचंय. लिहिताना तुम्ही नेमकं काय काय करता ते बारकाईनं लिहा.

आईला म्हणावं, शीळ मी शिकेन.

वत्सला


नेकनूर, ९ एप्रिल २०१९

वत्सलाताई,

उत्तराला उशीर झाला. ऊन फार आहे. दूध निम्म्यावर आलं, दुधाची गाडीही आता कधी येईल याचा नेम नाही. मी काय काय करते ते विचारलंत. विशेष काही नाही. लिहीत असते तोवर गाडीचा हॉर्न वाजतो, मग मी हातातलं तसंच टाकून कॅनकडं पळते. शब्द अर्धा असला तरी अर्धाच. परत आले की दुसरीकडंच कुठंतरी बोट ठेवून नवीन लिहायला लागते, अर्धा शब्द मागं राहून जातो. कौशल्याबाई म्हणतात माझं सगळं असंच आहे, तव्यावर भाकरी टाकून मी दारात गप्पा मारते.

छावणीत आता नुसता ऊस घालतात. कडबा कुठंच नाही. उसानं गुरांची तोंडं सोलली आहेत. चांदी कालपासून रवंथ करत नाही. आत्याबाई तिच्या पोटावरून हात फिरवत उन्हातच बसून होत्या, जाळीखाली या म्हटलं तर ऐकत नव्हत्या. दुपारी उठायला गेल्या तर त्यांना चक्कर आली. बोलताना जीभ जड वाटली. उद्या आत्याबाईंना केजला दाख


पुणे, ११ एप्रिल २०१९

ती. वहिनी,

गाडी आली म्हणून पत्र अर्ध्यातच पाठवून मोकळ्या झालात ना? तुमच्या पाया पडते! तुमचं ते अर्धं वाक्य मी भिंतीवर लावलंय. त्यानंच चूक सापडली.

झालं असं. तुम्ही इंग्रजी अक्षरं दाबता तेव्हा एक मदतनीस त्यांचं मराठी करत असतो. शब्द पुरा होईपर्यंत अक्षरं सारखी बदलतात, म्हणून मदतनीस कोतवालाला सुरुवातीलाच बजावतो, ‘आता इथे बदल होणार आहे, पण तू मध्ये मध्ये निरोप देऊ नकोस, झालं की मीच सांगेन.’ सगळ्यांना वाटतं ही सोय आहे, वाचणाऱ्याला उगाच त्रास नको. आम्ही पुण्यातल्या बायका शब्द पुरा करूनच उठतो, त्यामुळे ‘झालं’ हा निरोप नेहमी जायचा. तुम्ही अर्ध्यात उठून दुसरीकडे बोट ठेवलंत की मदतनीस विसरूनच जातो. ‘बदल होणार’ असा निरोप पोचलेला असतो, ‘झाला’ हा कधी येतच नाही.

मी तिघींसाठी बासुंदी आणली.

आईला दाखवलंत ना? उन्हाची चक्कर असेल. काळजीचं काही नसणार, नाहीतर तुम्ही लिहिलंच असतं.

वत्सला


नेकनूर, २८ एप्रिल २०१९

वत्सलाताई,

तुमची चूक सापडली हे वाचून बरं वाटलं. आता मी शब्द पुरा करून उठते.

आत्याबाईंचा फोन हौदात पडला, म्हणून त्यांना लावू नका. त्या आता घरीच असतात. मी संस्थेतून दुपारी येऊन त्यांना जेवायला घालते.

तुम्ही सारखं विचारत होता म्हणून काल मी त्यांना विचारलं, वत्सलाताईंकडं पुण्याला जायचं का? तर त्यांनी मान हलवून हो म्हटलं. तुमचं जूनचं काम झालं की या आणि घेऊन जा.

बाकी आहे तसंच.

रुक्मिणी


पुणे, १ मे २०१९

ती. वहिनी,

आई हो म्हणाली! तुमचं पत्र मी ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. खोलीतली दोरी काढून टाकली. पलंग बुटका घेतलाय. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. खिडकीतून समोरचं कडुनिंबाचं झाड दिसतं, तिला आवडेल. इतकी वर्षं हट्टानं नको नको म्हणत होती, वहिनी, तुम्ही काय जादू केलीत?

पाटीचं अजून संपलेलं नाही. मदतनिसाचं भोक बुजवलं आणि दुसरं निघालं. कुणी बाहेरून मजकूर आणून चिकटवतो, कुणी खोडलेलं परत आणतो. आज ना उद्या कुणीतरी कोतवालाला न सांगता काहीतरी बदलणारच. प्रत्येकाच्या तोंडाकडे किती बघत बसणार? म्हणून मी वेगळं ठरवलंय. कोतवालानं निरोप आला की आधी आपला हिशोब घालायचा: मागच्या वेळी एवढी अक्षरं होती, एवढी गेली, एवढी आली, तर आता इतकी असायला हवीत. आहेत का? किंवा ‘होणार’ ऐकलं आणि ‘झालं’ नाही, किंवा ‘झालं’ आलं आणि त्याआधीचं ‘होणार’ कुठेच नाही, तर अंदाज बांधायचा नाही. सरळ सांगायचं, ‘नक्की काय बदललं ते मला माहीत नाही. सगळंच बदललं असं समज आणि पहिल्यापासून वाच.’

वाचणाऱ्याला वेळ लागेल, पडदा क्षणभर अडकेल. पण खोट्या नकाशावर बसण्यापेक्षा ते बरं. माझ्या दोघी मैत्रिणींना हे पटत नाही. ‘माहीत नाही’ म्हणणारा कोतवाल काय कामाचा, असं त्या म्हणतात.

आईला सांगा, मी येतेच आहे.

वत्सला


पुणे, १९ मे २०१९

ती. वहिनी,

तुमचं उत्तर आलं नाही. आज रविवार होता. कोतवालाची परीक्षा घ्यायला मला मराठी मजकूर हवा होता, म्हणून तुमचीच पत्रं पाटीत घातली आणि मुद्दाम मधली वाक्यं त्याला न सांगता काढून टाकत होते. तो दर वेळी अडायचा आणि म्हणायचा, माहीत नाही, पहिल्यापासून वाच. मग मीच वाचत गेले.

मार्चमध्ये आई म्हणाली, ‘चांदी हाय तवर न्हाई.’

एप्रिलमध्ये आई म्हणाली, ‘हो.’

मधलं मला कुणी कळवलं नाही. आणि मी विचारलंही नाही, पलंग घेऊन आले.

छावणी अजून चालू आहे आणि आई घरी कशी? ‘उद्या आत्याबाईंना केजला’ यापुढे काय होतं? तो शब्द मी भिंतीवर लावला, वहिनी. रोज बघते. तो पुढे पुरा झाला का, हे मला आज सुचलं.

दादाला फोन केला. तो म्हणाला, “समदं ठीक हाय, तिकडं ऊन हाय का?” दादा कधी पुण्याच्या उन्हाची चौकशी करतो का?

चांदी कुठे आहे? केजच्या डॉक्टरांनी काय सांगितलं?

वत्सला


नेकनूर, २२ मे २०१९

वत्सलाताई,

आज गाडी येऊन गेली. दार लावून लिहिते आहे, पुरं करूनच उठेन.

ते अर्धं पत्र पाठवलं त्याच रात्री चांदी गेली. पोट फुगलं होतं, गुरांचे डॉक्टर पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. आत्याबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बादली मागवली, तिच्या तोंडापाशी धरली आणि शीळ घालत बसल्या. बायडाबाई म्हणाल्या, “ताराबाई, सोडा आता, गेली ती.” तरी घालतच होत्या.

सकाळी मी त्यांना जीपमध्ये बसवून केजला नेलं. जीभ आदल्या दिवसापासूनच जड होती, मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. वाटेत माझा हात धरला आणि म्हणाल्या, “वत्सूला कळवू नगंस. तिचं काम हुंदे.” एवढं सरळ बोलल्या. त्यानंतर आजपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले डोक्यात रक्ताची गाठ झाली, हातपाय वाचले, वाचा गेली. पुढं बीडलाही दाखवलं, तिथंही तेच सांगितलं.

आपल्याकडं लांबच्या लेकीला वाईट खबर एकदम सांगत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. आधी बरं नाही म्हणायचं, मग जास्त आहे म्हणायचं. मला तेवढंही जमलं नाही. त्यांचा शेवटचा शब्द माझ्यापाशी होता, तो मोडायचा कसा? तुमचे दादा रोज म्हणतात, “सांग आता.” मी म्हणते, “तुमी कावून न्हाई सांगत?” मग ते टँकरवर जातात.

पुण्याचं मी खोटं लिहिलं नाही. विचारलं होतं आणि त्यांनी मान हलवली होती. पण ताई, त्या सगळ्यालाच मान हलवतात. जेवायचं का? हो. जेवण झालं का? हो. त्या दिवशी तुमचं विचारल्यावर मी मुद्दाम विचारलं, आत्याबाई, चांदीला पाणी दाखवू का? तरी हो म्हणाल्या. हे मी तुम्हाला लिहिलं नाही. मला वाटलं, तुमच्याकडं मोठे डॉक्टर आहेत, आणि तुम्हाला ते हो पाहिजे होतं.

तुमचं कोतवालाचं पत्र मी परत परत वाचलं. मलाही आता तसंच म्हणू द्या. काय गेलं, किती उरलं, ते मला नेमकं सांगता येत नाही. सगळंच बदललं असं समजा आणि पहिल्यापासून वाचायला या.

रुक्मिणी


पुणे, ७ जुलै २०१९

ती. वहिनी,

आईला घेऊन आले त्याला महिना होऊन गेला. फोनवर तुम्हाला रोज ‘बरं आहे’ म्हणते. मीही आता दादासारखीच झाले.

पाटी वेळेवर बाहेर पडली. गट राहिला. ‘माहीत नाही’ म्हणणारा कोतवाल शेवटी सगळ्यांना पटला, त्याचंच कौतुक झालं. मी टाळ्या ऐकत होते आणि घरी आईला सांभाळायला ठेवलेल्या बाईंना निघायची घाई असेल असं मनात येत होतं.

इथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आई जेवते, झोपते, धरलं की चालते. कडुनिंबाकडे बघत नाही. मी घरी आले की माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवते, म्हणजे मला ओळखते, असं मी मानते. तिकडे आले तेव्हा ती दारातच बसली होती, आणि तुम्ही मागे उभं राहून माझ्याकडे बघत नव्हता. तुमच्यावर रागवायचं असं बीडपासून ठरवत मी आले होते. तुम्ही तिच्या वेणीला तेल लावलेलं दिसलं आणि राग विसरून मी तिच्याशेजारी दारात बसले.

मागच्या आठवड्यात मी तिला विचारलं, “आई, इथं राहायचं ना माझ्याजवळ?” तिनं मान हलवली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग तुमचं पत्र आठवलं. जरा थांबून विचारलं, “गावी जायचं का?” तिनं तशीच मान हलवली. तोच वेग, तेच डोळे. म्हणजे माझ्यापाशी काहीच उत्तर नव्हतं. एप्रिलपासून नव्हतं. तरी ते मी तुम्हाला कळवलं नाही, तसंच ठेवून दिलं.

काल संध्याकाळी नळाला पाणी आलं. मी न्हाणीघरात बादली भरायला लावली आणि फोनवर बोलत होते. परत आले तर बादली जागेवर नाही. आई ती ओढत ओढत मागच्या दारी घेऊन गेली होती. फरशीभर पाणी सांडलेलं. दाराबाहेर सिमेंटचा एवढासा चौक आहे, तिथे तिनं बादली ठेवली, काठाला धरून वाकली, आणि वहिनी, तिनं शीळ घातली. नीट उमटली नाही. ओठाच्या एका बाजूनं नुसती हवा जात होती. पण थांबून थांबून घालत होती, मध्ये वाट बघत होती, परत घालत होती. तिन्हीसांजेचा अंधार पडेपर्यंत ती तशीच उभी होती. पाणी हललं नाही. मग तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या या बघण्यात प्रश्न होता. इतके दिवस तिनं मला काहीच विचारलं नव्हतं.

तिनं मान कशाला हलवली त्याचा अर्थ लावणं मी सोडून दिलंय. पण ही शीळ मला खरी वाटते.

म्हणून या वेळी बदल होण्याआधी कळवते. शनिवारी आईला घेऊन गावी येते आहे, तिला तिथंच ठेवायला. मीही राहीन. पाटीचं काम तिकडूनही होतं, तुम्ही करताच आहात. पलंग इथल्या, आईला सांभाळणाऱ्या बाईंना दिला. छावणी अजून उठलेली नाही, पाऊस लांबलाय, असं दादा म्हणत होता.

तुम्ही उद्या छावणीत कुणाबरोबर निरोप पाठवणार असाल, किंवा स्वतः गेलात, तर बायडाबाईंना माझ्यासाठी एवढं विचारा: त्यांच्या गाईला संध्याकाळी पाणी दाखवायला एक बाई चालेल का? बोलत नाही, पण शीळ घालते.

वत्सला